पाहणी आधी, भाव नंतर

मुंबई-नाशिक महामार्ग सोडून माणकोली नाक्याला आत वळलं की दोन्ही हातांना गोदामांच्या पत्र्याच्या छपरांची रांग लागते. वळ, दापोडा, पूर्णा, राहनाळ, काल्हेर, कशेळी. ही सगळी एके काळी भातशेतीची गावं. माल मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर उतरवून ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, या व्यापारी हिशेबातून इथं गाळे उभे राहिले. १ जुलै २०१७ ला जकात संपली, वस्तू व सेवा कर आला, आणि ठिकठिकाणची छोटी गोदामं मोडून कंपन्यांनी मोठी गोदामं एका जागी आणायला सुरुवात केली. त्यात भिवंडीचा परिसर आणखी भरला.

यातल्या बहुतेक गाळ्यांना एक ऑफिस जोडलेलं असतं. खाली ट्रक, फोर्कलिफ्ट, हमालांची ये-जा. लोखंडी जिना चढून पोटमाळ्यावर गेलं की काचेचं दार, एसी, आठ-दहा टेबलं आणि जमिनीवर करड्या किंवा निळ्या रंगाचं कार्पेट. मुंबईतल्या उंच इमारतीत हेच कार्पेट वर्षभर काळं पडत नाही. इथं चालक चलन घेऊन थेट वर येतो, त्याच्या बुटांबरोबर यार्डातली माती येते, खोके फोडल्यावर उडणारी कागदाची भुकटी येते, आणि दारापासून टेबलापर्यंत महिना-दोन महिन्यांत एक काळा पट्टा उमटतो. भिवंडी शहरात गेलं तर कापडाच्या पेढ्यांमध्ये यंत्रमागांवरून येणारा सुताचा भुगा कार्पेटच्या मुळाशी बसलेला असतो. ही पुस्तिका अशा कार्पेटांसाठी आहे, आणि ती साफ करायला दोन माणसं, एक मशीन व भाड्याचा टेम्पो घेऊन निघणाऱ्या छोट्या ठेकेदारासाठी आहे.

मोठ्या हाउसकीपिंग कंपन्यांना पाचशे-सहाशे फुटांचं काम परवडत नाही, म्हणून ते या ठेकेदाराकडे येतं. त्याला फोन येतो, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “फुटाला काय भाव?” तो लगेच एक आकडा सांगतो. त्या क्षणी काम तोट्यात गेलेलं असतं आणि ते त्याला संध्याकाळी कळतं. छोट्या कामाचा भाव कार्पेटच्या चौरस फुटांवर फार थोडा अवलंबून असतो. जाणं, पाहणं, वाहणं आणि वाळवणं यांवर तो उभा असतो, आणि या चारही गोष्टी फोनवर दिसत नाहीत. पुढच्या सगळ्या प्रकरणांचा गाभा हाच आहे.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, वाचकाने आपले घालावेत. समजा ऑफिस साधारण ५८० चौरस फुटांचं आहे. दोन कामगारांचा रोज प्रत्येकी ७०० धरला तर १,४०० रुपये. टेम्पो जाऊन-येऊन ५००. शाम्पू, डागांची औषधं, पॅड असं किरकोळ १५०. व्हॅक्यूम आणि पाणी ओढणारं मशीन मिळून ७२,००० ला घेतलं, ते तीन वर्षं चाललं आणि वर्षाला १२० कामं मिळाली, तर प्रत्येक कामावर २०० रुपये मशीनचे चढतात. दुरुस्तीसाठी १०० बाजूला ठेवावे लागतात. आदल्या दिवशी पाहणीला जाणं, कोटेशन लिहिणं, फोन, हे २५० च्या खाली बसत नाही. बेरीज २,६०० झाली. यात ठेकेदाराच्या स्वतःच्या घरात अजून एक रुपया गेलेला नाही. त्याचे आणि धंद्याच्या वाढीचे ९०० धरले तर ३,५०० म्हणजे फुटाला सहा रुपये पडले.

आता त्याच कंपाउंडमधल्या दुसऱ्या गाळ्यातून फोन येतो. मालकाची केबिन, फक्त १५० फूट. फुटाला सहाने ९०० रुपये होतात. पण टेम्पो तोच आहे, पाहणीची फेरी तीच आहे, आणि कामगाराचा अर्धा रोज विकत मिळत नाही, कारण दुपारी दोनला सुटलेल्या माणसाला त्या दिवशी दुसरं काम कोण देणार? एका कामगाराचा रोज आणि टेम्पो मिळूनच १,२०० होतात. म्हणून प्रत्येक ठेकेदाराने आपली किमान रक्कम आधी ठरवून ठेवावी आणि तिच्या खाली टेम्पो हलवू नये. ग्राहकाला ती स्पष्ट शब्दांत सांगावी: “शेठ, आमचं कमीत कमी काम इतक्याचं असतं. त्यात केबिनबरोबर बाहेरची जागाही करून देतो.” बरेच ग्राहक हे मान्य करतात, कारण त्यांचाही धंदा फेरीच्या भाड्यावरच चालतो. ट्रक अर्धा भरला म्हणून भाडं अर्धं होत नाही, हे भिवंडीत कुणाला शिकवावं लागत नाही.

यातूनच पुढची वाट दिसते. एका कंपाउंडमध्ये डझनभर गाळे एका भिंतीला लागून असतात. एका दिवशी तिथली तीन ऑफिसं मिळाली तर टेम्पो एकदाच जातो, पाहणी एकदाच होते, रोज पुरेपूर वसूल होतो, आणि तेव्हा खरोखर भाव कमी करता येतो. सवलत द्यायची तर ती एकाच फेरीत जोडून मिळालेल्या कामांना द्यावी. घासाघीस करणाऱ्या एकट्या कामाला दिलेली सवलत कुणाच्या तरी रोजातून कापली जाते, आणि तो कुणीतरी बहुतेक वेळा मशीन धरणारा असतो.

पाहणीविषयी पुस्तिकेत सर्वांत जास्त पानं आहेत, आणि ती मुद्दाम वाढवली आहेत. मोजणं हा त्यातला सोपा भाग. ऑफिसात तुकड्यांचं कार्पेट असेल तर फीतही काढावी लागत नाही. हे तुकडे सहसा ५० सेंटिमीटरचे असतात, चार तुकड्यांचा एक चौरस मीटर, म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. लांबीला अठरा आणि रुंदीला बारा तुकडे मोजले की ५४ चौरस मीटर, ५८१ फूट. ग्राहकाने सांगितलेल्या आकड्यावर मात्र विसंबू नये. तो भाडेकरारावरचं क्षेत्रफळ सांगतो, त्यात भिंती, पॅन्ट्री आणि संडासही असतात.

अवघड भाग धागा ओळखण्याचा आहे. कोपऱ्यातून, मालकाला विचारून, एक धागा काढावा आणि बाहेर नेऊन जाळून पाहावा. केस जळाल्यासारखा वास आला आणि चिमटीत चुरडणारी राख उरली तर ती लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा तत्सम कृत्रिम धागा. मेणासारखा वास आला आणि न जाळलेला धागा पाण्यावर तरंगत राहिला तर पॉलिप्रॉपिलिन. ओळख पटली की अर्धे निर्णय आपोआप होतात. लोकरीला तीव्र अल्कली औषध चालत नाही, ती खरबरीत होते आणि रंग सोडते. पॉलिप्रॉपिलिन पाण्याला घाबरत नाही, पण तेल धरून ठेवतं. मागे तागाचं अस्तर असेल तर जास्त पाणी पडल्यावर तागातला तपकिरी रंग वर चढतो आणि अख्खं कार्पेट मळकट दिसू लागतं. जुन्या पेढीतला गालिचा तर आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने एका कोपऱ्यात दाबून पाहावा. फडक्याला रंग लागला की ते काम त्या भावात घेऊ नये, कदाचित मुळीच घेऊ नये.

डागांची चौकशी करताना माणसं संकोचतात. ती विचारपूस प्रेमाने पण नेटाने करावी, कारण कोणता डाग आहे यावर वेळ ठरतो आणि वेळेवर पैसे. चहाचा डाग वेगळा, मशीनच्या तेलाचा वेगळा, पॅकिंगच्या चिकटपट्टीचा गोंद वेगळा. प्रिंटरचा टोनर सांडला असेल तर गरम पाणी लावूच नये, उष्णतेने ती पूड धाग्याला कायमची चिकटते. योग्य गाळणी असलेल्या व्हॅक्यूमने ती कोरडीच ओढावी. डब्यातल्या भाजीची हळद हा आपल्याकडचा खास डाग. साबणाचं किंवा सोड्याचं पाणी लागलं की हळद लाल होते, आणि समोर उभा असलेला साहेब म्हणतो, तुम्ही कार्पेट बिघडवलं. तिला सौम्य आम्लाचं औषध लावावं लागतं, आणि उरलेला पिवळेपणा उजेडाने हळूहळू फिकट होतो. पानातल्या काथाचा डाग जुना असेल तर तो फिका होईल, जाणार नाही, हे कोटेशनवर लिहून द्यावं. “सगळं नव्यासारखं करून देतो” हे वाक्य या धंद्याने आपल्या तोंडातून कायमचं काढून टाकावं, असं मला मनापासून वाटतं. ग्राहकाचा विश्वास या वाक्याने जितका गेला आहे तितका वाईट कामानेही गेला नसेल.

हेंकेल कंपनीतल्या हर्बर्ट सिनर या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९६० च्या सुमारास सफाईचं गणित चार घटकांत बसवलं: औषध, उष्णता, घासणं आणि वेळ. एक कमी केला तर दुसरा वाढवावा लागतो. भाव ठरवताना या चौकडीइतकं उपयोगी दुसरं काही मला सापडलेलं नाही. ग्राहक म्हणतो, रविवारी दोनच तास ऑफिस उघडतो. म्हणजे वेळ कमी झाला. मग तिसरा माणूस लागेल किंवा गरम पाण्याचं मशीन लागेल, आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये यायला हवेत. पोटमाळ्यावर पंधरा अँपिअरचा प्लग नसेल तर गरम पाणी गेलं, मग घासणं वाढलं. पाणी खालच्या टाकीतून बादल्यांनी वर न्यायचं असेल तर अर्धा तास तिथेच जातो. मळकं पाणी कुठे ओतायचं हेही पाहणीतच विचारावं. ते संडासाच्या मोरीत जावं, यार्डाच्या गटारात नव्हे.

काम सुरू करण्याआधी कोरडा व्हॅक्यूम हा भाग छोट्या कामांत सर्रास गाळला जातो, आणि भिवंडीत तर तो कुठल्याही परिस्थितीत गाळू नये. कार्पेटमधली बहुतेक घाण कोरडी असते. तिच्यावर पाणी टाकलं की तिचा चिखल होतो. सुताचा भुगा भिजला तर त्याच्या वळ्या होतात, त्या मशीनच्या नळीत अडकतात आणि मोटर तापते. आधी ब्रशने धागा उभा करून, दोन्ही दिशांनी सावकाश व्हॅक्यूम मारावा. त्याला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ पुढे वाचतो.

वाळवणं हा या पट्ट्यातला सर्वांत खर्चिक भाग आहे, आणि तो बिलात जवळजवळ कधीच दिसत नाही. डिसेंबरात खिडक्या उघड्या ठेवल्या की संध्याकाळचं कार्पेट सकाळी कोरडं मिळतं. जुलैत खिडकी उघडली तर बाहेरचा दमटपणा आत येतो. तेव्हा खिडक्या बंद, एसी चालू, आणि जमिनीलगत हवा मारणारे ब्लोअर रात्रभर. एसी रात्रभर चालेल का, वॉचमन दार उघडून देईल का, वीजबिल कोणाचं, हे आधी ठरवावं लागतं. ओलं राहिलेलं कार्पेट दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतं, आणि खालचा डाग पाण्याबरोबर धाग्यातून वर येऊन पुन्हा दिसतो. फुकटची दुसरी फेरी इथेच जन्माला येते. पावसाळ्यात कमी पाण्याची पद्धत वापरावी, फेसाचं औषध घासून, वाळू देऊन, व्हॅक्यूमने ओढून घ्यावं, आणि खोल धुलाई ऑक्टोबरनंतर करू असं ग्राहकाला सांगावं. जून ते सप्टेंबर आणि बाकीचे महिने यांचं दरपत्रक वेगळं असायला काहीच हरकत नाही.

भिवंडीतलं आणखी एक मोठं काम ऑफिसाबाहेरचं आहे. शहरातल्या मशिदींत ओळींच्या नक्षीची लांबच लांब कार्पेटं असतात, आणि रमजानच्या आधी ती धुवायची निकड असते. इथं वेळापत्रक घड्याळापेक्षा नमाजावर चालतं. रात्रीची इशा झाल्यावर सुरुवात करायची आणि पहाटेच्या फज्रपर्यंत पाय ठेवता येईल इतकं कोरडं करून द्यायचं. मध्ये मिळतात ते रात्रीचे मोजकेच तास. म्हणून सगळं एका रात्री भिजवू नये, ओळी वाटून घ्याव्यात, निम्म्या आज, निम्म्या उद्या, आणि शुक्रवारची दुपार मोकळी ठेवावी. पायातली चप्पल बाहेर, मशीनची चाकं पुसून आत, आणि पाणी व औषध स्वच्छ. देवळाच्या सभामंडपातल्या जाजमाला आणि मंगल कार्यालयाच्या स्टेजवरच्या लाल कार्पेटलाही हाच आदर द्यावा. धर्मस्थळाला सवलत द्यायची असेल तर ती बिलावर वेगळ्या ओळीत दाखवावी: मूळ रक्कम इतकी, आमच्याकडून इतकी कमी. नाहीतर पुढच्या वर्षी सवलतीचा भावच मूळ भाव होऊन बसतो.

या धंद्याचा इतिहास थोडा सांगायला हवा, कारण तो करणाऱ्यांना सहसा कुणी सांगत नाही. ह्युबर्ट सेसिल बूथ या इंग्रज अभियंत्याने १९०१ मध्ये हवा ओढून धूळ काढणारं यंत्र बनवलं. ते इतकं मोठं होतं की घोडागाडीवरून रस्त्यावर आणून उभं करत आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात सोडत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे त्याच यंत्राने साफ झाले. म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर घराघरांत वस्तू म्हणून विकला जाण्याआधी, यंत्र घेऊन ग्राहकाच्या दारी जायचं आणि कामाचे पैसे घ्यायचे, असा सेवेचा धंदा होता. हातात धरून फिरवता येणारं विजेचं यंत्र बनवलं ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या जेम्स मरे स्पँग्लरने, १९०७ मध्ये. तो एका दुकानात झाडलोट करणारा कामगार होता, त्याला दम्याचा त्रास होता आणि कार्पेटच्या धुळीने तो वाढत असे. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि ते हक्क घेणाऱ्या हूव्हर कुटुंबाचं नाव जगभर झालं. ज्याच्या छातीत धूळ जाते त्यालाच तिचा उपाय सुचला. आपल्या कामगारांना मास्क आणि हातमोजे देणं म्हणूनच मला खर्चाच्या यादीतलं पहिलं कलम वाटतं.

पैसे मिळण्याविषयी शेवटचं प्रकरण आहे. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात वस्तू व सेवा कराची नोंदणी सक्तीची नाही. ही मर्यादा ओलांडली तर सफाईच्या बिलावर १८ टक्के कर लागतो, आणि तो भावात धरलाय की वेगळा, हे कोटेशनवर लिहिलेलं असावं. त्याहून महत्त्वाची नोंदणी ‘उद्यम’ची आहे. ती ऑनलाइन होते आणि तिला शुल्क नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्या छोट्या सेवादाराचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज लागतं, आणि याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, असं बिल मुदतीत न देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच आपल्या उत्पन्नातून वजा करून मिळतो. गोदामातल्या अकाउंटंटला हे ठाऊक असतं. ठेकेदारालाही ठाऊक असलं, आणि त्याच्या बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला, की “पुढच्या महिन्यात बघू” हे उत्तर बरंच कमी ऐकायला मिळतं.

पुस्तिकेच्या शेवटी पाहणीचा कोरा तक्ता दिला आहे: माप, धागा, डाग, जिना, पाणी, प्लग, वाळवण्याचे तास, दार कोण उघडणार. त्याच्या प्रती काढून टेम्पोत ठेवा, आणि तो भरल्याशिवाय कुणालाही आकडा सांगू नका. आणखी एक विनंती आहे. ग्राहकाचं बिल महिन्याने येवो किंवा दोन महिन्यांनी, मशीन धरणाऱ्याचा रोज त्याच संध्याकाळी त्याच्या हातात द्या, आणि तेवढे पैसे हाताशी नसतील तर ते काम घेऊ नका.